तुरीच्या गोदामातली हवा

उर्वशी : …मी मोजलंय, पुंडलिककाका. तूर तीनशे बारा पोती, ताडपत्र्या आठ, कीड मारायच्या गोळ्यांच्या रिकाम्या नळ्या एकवीस, बाहेर बसलेले हमाल सहा. मास्क शून्य.

पुंडलिकराव : सातवा दिस हाय, पोरी. गोळ्यायचा गॅस कवाच उडला. मी सोता दाराशी वास घेऊन आलो.

उर्वशी : तंबाखूचा खर्रा खात खात?

पुंडलिकराव : खर्रा तोंडात असते, नाकात नाही.

धुरपताबाई : मालकाचं नाक लय भारी हाय, बाई. फकस्त दाराच्या भाईरच चालते. आत मलेच जा लागते.

उर्वशी : तुम्हालाच का, मावशी?

धुरपताबाई : रीतच हाय. पह्यले मी गोदाम झाडाले जाते. पाव तासानं उभी भाईर आली, तं हमाल आत. मांगल्या वर्षी आडवी आलती. तवा हमालायले चहा पाजला.

पुंडलिकराव : उन्हाची चक्कर होती ते! आन् काहो उर्वशीबाई, तुहा बाप सांगे, पोरगी नागपूरले लेझर शिकली. गोदामात लेझर कायले? आपल्या बोरी गावात तं वरातीत लावतेत.

उर्वशी : वरातीतला दिसतो. हा अतिनील, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय याची तरंगलांबी हवी तशी फिरवता येते. एका तरंगलांबीला हा गॅस, फॉस्फिन, भरपूर प्रकाश गिळतो. जराशी सरकवली की कमी. त्या फरकावरून तो हवेत किती आहे ते कळतं.

पुंडलिकराव : आन् तुरीची धूळ? ते नाही गिळत?

उर्वशी : धूळ दोन्हींना सारखीच अडवते. चांगला प्रश्न विचारलात, काका. असाच एखादा मागच्या वर्षी विचारायचा होता.

पुंडलिकराव : टोमणे बी कॉलेजातच शिकोतेत का? ट्रक उभा हाय. वास नाही म्हणजे नाही. धुरपता, जाय.

उर्वशी : थांबा मावशी! वास विरला म्हणून गॅस विरत नाही. मशीनची नळी पोत्यांच्या मागे सोडलीय, आतली हवा ओढतेय. दोन मिनिटं. हवेच्या दहा लाख भागांत शून्य पूर्णांक तीन, त्याच्या वर गेला तर कुणीच आत जायचं नाही.

धुरपताबाई : मालक, तुमाले तं वास येत नाही ना? मंग आज झाडू तुमी घ्या. मी इथं सावलीत बसते. चहा सांगून ठेवते.

पुंडलिकराव : (झाडू घेऊन, उंबऱ्याशी) घेतो ना! भेतो काय मी?… उर्वशी, तुहं मशीन काय म्हणते, ते सांग तं आंधी.

उर्वशी : दोन पूर्णांक चार.