शून्याचा मान

ताई: म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या नर्सेस, वॉचमन आणि मी, सगळ्यांचं रक्त शून्याच्या खाली? वा. तुझ्या यंत्राच्या मते आम्ही निरोगी माणसापेक्षाही निरोगी आहोत.

भाऊ: फिल्म बिघडली आहे, ताई. काचेवर सोन्याचा थर नीट बसला नसेल.

ताई: सकाळी पाहुण्यांना तर छातीठोक सांगत होतास. या सोन्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत, किडनीच्या आजाराचं प्रथिन त्यावर चिकटलं की प्रकाशाचा रंग सरकतो, आता डॉक्टर हवाच कशाला! डॉक्टर शेजारीच उभी होती, बरं का.

भाऊ: तेव्हापासून टोमणे चाललेत. उद्या समिती येतेय. यंत्र चाललं नाही तर ही प्रयोगशाळा बंद करतील. मी तीन फिल्म बदलून पाहिल्या, तेच.

ताई: तिन्ही एकाच बाजूला बिघडल्या? शिस्तीच्या दिसतात. आणि माझा तो किडन्या बिघडलेला पेशंट?

भाऊ: तो... बरोबर शून्यावर.

ताई: म्हणजे ठणठणीत. घरी पाठवते त्याला. पण हे शून्य आणलंस कुठून?

भाऊ: निरोगी माणसाचं रक्त टाकायचं. रंग जिथे दिसेल, ते शून्य.

ताई: कुणाचं टाकलंस?

भाऊ: माझं.

ताई: अर्थात. दुसऱ्या कुणाला एवढा मान कसा देणार?

भाऊ: त्यात काय चुकलं? रोज धावतो, कसलं व्यसन नाही. तुझ्या दवाखान्याची पायरी आजवर चढलो नाही.

ताई: म्हणजे कुणी तपासलेलंच नाही. लहानपणी खेळाचे नियम तूच करायचास आणि तूच जिंकायचास. आता निरोगी कोण, तेही तूच ठरवलंस.

भाऊ: मुद्द्यावर ये ना.

ताई: आले. फिल्म बिघडली असती तर आमच्यात आणि त्या पेशंटमध्ये फरकच दिसला नसता. फरक तर स्वच्छ दिसतोय. फक्त तुझं रक्त त्याच्या बरोबरीला आहे.

भाऊ: काहीतरीच काय.

ताई: पाय वर घे. मोजा काढ.

(ताई त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून धरते, मग सोडते.)

ताई: खळगा भरून येत नाहीये. सूज कधीपासून आहे?

भाऊ: बूट घट्ट व्हायला लागले होते. मी मोठे घेतले.

ताई: बुटांनाही दोष दिलास का रे?

भाऊ: ताई, किती बिघडलं असेल?

ताई: ते तुझं यंत्र नाही सांगणार, माझी लॅब सांगेल. पण वेळेत कळलंय. घाबरू नकोस. मी घाबरलेय तेवढं पुरे.

भाऊ: मग शून्यावर आता कुणाचं टाकू?

ताई: आमचं सगळ्यांचं मिसळून टाक. आणि बाही वर कर. तुझं मला हवंय.