दोन जास्तीचे पाटे

माझं नाव शशिकांत, पण गोरेगावच्या आरे कॉलनीत शशिकांत म्हणून विचाराल तर कोण सांगणार नाही, शशी पिकअपवाला बोला, लगेच दाखवतील. मूळचे आम्ही देवगडकडचे. बापूस गिरणीत होता, गिरणी बंद झाली तेव्हा आम्ही दिंडोशीला आलो आणि बापूस एका सोसायटीत वॉचमन लागला. रोज कोणाची तरी बोलणी खाऊन यायचा, पायरीवर बसून चपला काढता काढता मला सांगायचा, शशी, काय व्हया ता कर, पण आपला आपण कर, कोणाचा आयकान घेव नको. ते डोक्यात बसलं माझ्या. म्हणून मी दुसऱ्या कुठल्या नोकरीच्या मागे लागलोच नाही, जुनी पिकअप घेतली आणि आरेच्या तबेल्यांना वैरण पोचवायला लागलो. वीसेक वर्षं पोचवली. गवत, पेंडीची पोती, शेणखत, सगळं वाहिलं तिने.

मग काय, माणूस म्हातारा होतो तशी गाडी पण होणारच ना. धूर सोडायला लागली, चढावर दम लागायचा, आणि एक दिवस खाली वाकून बघतो तर केबिनच्या मागे चेसीला चीर गेलेली. चेसी म्हणजे गाडीचा कणाच की हो, तोच गेला तर राहिलं काय. सगळे बोलले, शशी, भंगारात दे. मी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून गेलो, पण नाकावर राग आहे माझ्या, तिसऱ्या आठवड्यात मालकाशी वाजलं. घरी आलो, गाडीत जाऊन बसलो नुसता. बायको बोलली, आरेत गाड्या बंद पडतात तेव्हा ओढायला बाहेरून कोणाला तरी बोलवतात ना, मग तूच का नाही ओढत? हीच गाडी नीट कर आणि ओढ. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं त्या रस्त्यावर मी, आणि सुचलं तिला.

तेव्हा मला सुदाममामांकडे कोणीतरी पाठवलं. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज, पत्र्याची शेड, पण हत्यारं बघाल तर देवघरात मांडल्यासारखी. मूळचे कराडकडचे, सत्तरी उलटलेली. मी रामराम केला, ते जयभीम बोलले आणि गाडीकडे बघायच्या ऐवजी तिच्यावर हात फिरवायला लागले. मला कळेना. मग कळलं, डोळ्यांची नजर गेलीय, काचबिंदू, नुसता उजेड दिसतो. मी मनात बोललो, वाट लागली, आंधळ्या मिस्त्रीकडे आलोय. त्यांना माझं मन ऐकू गेलं की काय कोण जाणे, बोलले, आरं, डोळं माझं गेल्यात, कान हायती अजून. कान माझं, हात तुझं. जमतंय का बघ.

तीन महिने माझ्या हातांनी त्यांनी ती गाडी बांधली. मी, ज्याने कोणाचं ऐकून घेतलं नाही, तो त्या माणसाचं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकत होतो आणि राग म्हणून आला नाही, विचारा बायकोला. लांब पेचकस इंजिनला लावायचे, मूठ कानाला, आणि सांगायचे, तिसरा पिस्टन कुरकुरतोय. खोलून बघितलं की तिसराच. चीर गेलेल्या चेसीला पट्टी मारायची तर मी सरळ कापायला निघालो, तर बोटाने चाचपून बोलले, टोकं तिरकी काप, सरळ कापलीस तर त्याच रेघेवर परत चीर जाईल. वेल्डिंग नको, रिबट मार, तापवून मार. प्रत्येक रिबटावर, म्हणजे त्या जाड लोखंडी खिळ्यावर, हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचे. एक आवाज चुकला तर तो काढायला लावायचे. अशी सहा रिबटं मी परत मारलीत, सहा. मागे क्रेनचा दांडा उभा केला, चरखी बसवली, आणि मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे सात सात पाटे घातले. बोलले, सातच. पाटा नमतोय म्हणून चेसी टिकती, त्याला नमू द्यायचं. लक्षात ठेव.

लक्षात ठेवलं. आणि तरी माती खाल्ली.

कसं आहे, आमच्या पिकअपवाल्यांना पाटे वाढवायचा नादच असतो. पाटे जास्त म्हणजे गाडी ताकदीची, हे डोक्यातून जात नाही. मी क्रेन लावलेली गाडी घेऊन नाक्यावर आलो तर पोरं हसायला लागली, शशी, गाडी बसली रे तुझी मागून, पाटे टाक दोन. एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी गोरेगावात एकाकडे जाऊन दोन्हीकडे दोन दोन पाटे टाकले. गाडी मागून झकास उचलली गेली. मामांना काही बोललो नाही.

नंतर महिन्याभराने आरेतल्या एका तबेल्याच्या शेठचा फोन आला. टेम्पो रस्त्यात बंद पडलाय, आत गाभण म्हैस आहे, कळा देतेय, लवकर ये. मी गेलो, टेम्पोचं तोंड उचललं, ओढायला लागलो. पाटे कडक, खड्ड्यात गाडी नमेच ना, सगळा दणका चेसीला. एका स्पीड ब्रेकरवर कट्ट करून आवाज आला. खाली वाकून बघितलं, पट्टीची दोन रिबटं तुटलेली आणि चीर उघडलेली. शेठ, गडी, येणारे जाणारे सगळे जमा. शेठ बोलला, अशी गाडी घेऊन धंदा करतोस? पुन्हा आरेत दिसू नको. वीस वर्षांचं नाव माझं, तिथे रस्त्यावर पडलं होतं.

मामांना फोन केला. ते घाटकोपरहून रिक्षाने आले, त्या नजरेने. कोणाशी बोलले नाहीत, गाडीखाली गोणपाट टाकून आडवे झाले. मी बाजूला उकिडवा बसलेलो. त्यांनी बोट पाट्यांवर ठेवलं आणि एक एक मोजत गेले. सातवर थांबले. मग आठ. मग नऊ. बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढतील.

ते बाहेर आले, कपडे झटकले, आणि शेठ उभा होता त्या बाजूला तोंड करून बोलले, शेठ, पोराचा काय बी दोष नाही. रिबट मी कच्चं बसवलं. डोळं गेल्यात माझं, हात चुकला. माझी चूक हाय.

मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. आणि खरं सांगतो, मी गप्प बसलो. तेवढ्यात म्हैस तिथेच टेम्पोत व्याली, सगळे तिकडे धावले, शेठचा राग निवळला आणि माझा धंदा वाचला. माणसं पांगल्यावर मामा एवढंच बोलले, काढ ते पाटं.

काढले. नवीन रिबटं मारली, त्यांनी परत टिचकी मारून ऐकली. आजपर्यंत ती चेसी हललेली नाही, टेम्पो ओढते, ट्रॅक्टर ओढते, वैरण पण वाहते.

पण त्या दिवसानंतर गोष्ट पसरली ना. सुदाम मिस्त्रीचा हात गेला, तिकडे गाडी देऊ नका. गॅरेजमधलं काम आटलं. मी शेठकडे जाऊन खरं सांगितलं, तो हसला, बोलला, जाने दो, पुरानी बात है. नाक्यावर सांगितलं, पोरांना वाटलं मी मामांना सांभाळून घेतोय. मामांना बोललो, तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? ते बोलले, माझं वय झालंय, मला आता किती गाड्या करायच्यात. तुला अजून लई ओढायचंय.

असा माणूस मी दुसरा बघितला नाही. आता त्यांना उजेड पण दिसत नाही. रविवारी मी घाटकोपरला जातो, त्यांना केबिनमध्ये बाजूला बसवतो, आरेतून एक चक्कर मारतो. ते मान तिरकी करून इंजिन ऐकतात, काही बोलत नाहीत. बोलले नाहीत म्हणजे ठीक आहे.

तुम्ही माझं आयुष्य लिहायला आलात, लिहा, बापूस लिहा, बायको लिहा, राहिलं तर सोडा. पण हे नीट लिहा, त्यांच्या नावासकट लिहा. सुदाम मिस्त्रीने मारून घेतलेली रिबटं पक्की होती. पाटे मी टाकले होते.