देवी गोळ्या खात न्हाई

“हॅलो?… हां, बोल तेजू.”

उंबऱ्यात बसू नये, हे साऱ्या उमापूरला सांगणारी मुक्ताबाई फोन आला की स्वतः उंबऱ्यातच बसायची. लेक तेजश्री बीडला दवाखान्यात नर्स. दुपारच्या सुट्टीत तिचा फोन ठरलेला.

“जेवले की… तुझी वहिनी? लई बरी हाय संस्कृती… गोळ्या? अगं ऐक ना… हो, हो, बंद केल्या. सतरा दिवस झाले.”

“कावून म्हंजी? गावात तिला काय म्हणायचे, ठाव हाय ना? येडी म्हणायचे, सटकली म्हणायचे. नळावर गेली की पोरी खिदळायच्या… अगं, तू शिकवलं तसंच सांगितलं मी. मानसिक आजार हाय, औषध चालू हाय. तर शेजारची रुक्मिणीबाई म्हणती, म्हंजी येडीच की.”

“मग म्हणलं, तिच्या अंगात देवी येती… एवढंच म्हणलं, तेजू. सगळ्यांची तोंडं गप. आता दर मंगळवारी बाया वटी भरायला येत्यात. आई म्हणत्यात तिला, पाया पडत्यात… गोळ्या कशा देऊ? देवी कुठं गोळ्या खाती का? बायांनी बघितलं तर?”

“झोप?… न्हाई. आठ दिस डोळ्याला डोळा न्हाई… हो, एकटीच बोलती… रागवू नको गं.”

“आता? आता घरी न्हाई. पायऱ्यांच्या बारवंवर नेलंय, देवीची आंघोळ हाय. हलगी येती ना ऐकू?… तुझा भाऊ हाय की, जीवन, हलगीवाल्यासंगं. पर बायको हाय म्हणून तो खाली कसा उतरंल? देवी एकटीच उतरती. बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, तिनंच सांगितलंय.”

“पाणी? लई हाय औंदा, वरून चौथ्या पायरीपस्तोर. कावून इचारतीस?”

पलीकडून काय आलं कोण जाणे, मुक्ताबाई उंबऱ्यातून उठून उभी राहिली.

“सकाळी?… सकाळी माझ्या पाया पडली. देवी असून पडली, मला कसंतरीच झालं. मंगळसूत्र काढून दिलं. सांभाळा म्हणाली… मला वाटलं आंघोळीला जायचंय म्हणून…”

“तेजू, थांब. हलगी थांबली.”

“हाका मारायलेत… न्हाई गं, आई न्हाई म्हणत. संस्कृती म्हणून हाका मारायलेत.”

मुक्ताबाई अनवाणीच पळाली. उंबऱ्यात पडलेला फोन ‘आई, आई’ करत राहिला, मग तोही बंद झाला.