टाक्यावरचा तवंग

माझं माहेर भोरच्या वरल्या अंगाला डोंगरात, आन् सासर हितं वेल्ह्याच्या बाजूला, तेबी डोंगरातच, म्हंजी एक डोंगर उतरले आन् दुसरा चढले, एवढंच माझं लगीन. नाव लिवा हिराबाई. आमी धनगर, म्हसरं राखायची, दूध आटवून खवा करायचा, डोक्यावर घेऊन बाजाराला उतरायचं आन् मीठमिरची घेऊन पुन्ना चढायचं, ह्यात समदी उमर गेली. शाळा न्हाई. सही करते, तीबी लेकीनं शिकवली.

पाण्याचं सांगते, त्याबिगर पुढचं तुमाला कळायचं न्हाई. वाडीच्या खाली कातळात टाकं हाय, कुणी खोदलं कुणाला ठाव न्हाई, आत झरा हाय, करंगळीएवढी धार. पावसाळा सरला की माणसं, म्हसरं, समदी वाडी त्या एका धारेवर. त्यात कुणी पाय घालत न्हाई, भांडं बुडवत न्हाई, वरनं तांब्यानं काढून कळशी भरायची. म्हशींना बाजूला दगडाची डोण हाय, तीत ओतायचं. कापडं धुवायची तर लांब व्हाळावर जायचं. मला हे कुणी बसून शिकवलं न्हाई, सासू तशी वागायची म्हणून मीबी तशीच वागले.

मला एकच लेक, कोमल. भोरला वसतिगृहात राहून शिकली, तितंच दवाखान्यात कामाला लागली, कपाळावर पडलेली झिपरी मागं सारत सुई टोचती, म्या डोळ्यानं बगितलंय. तिला नसरापूरचं स्थळ आलं. पोरगा सचिन, हमरस्त्यावरच्या कंपनीत हाय, पोरगा चांगला, खोटं कशाला बोलू. पर त्याचा बाप, आमचा व्याही, जमिनी घेणं-इकणं करतो, पांढरं कापड, पांढरी गाडी, आन् बोलणं असं की समोरच्यानं नुस्ती मान हलवायची.

तो म्हणला, लगीन तुमच्याच वाडीवर करू, डोंगर मागं दिसला पायजे, फोटो झकास येत्यात. आमी खूश. मंग म्हणला, जेवणाचं तुमी बगू नका, मी फूड ट्रक सांगितलाय. आमचे मालक, कोमलचा बाप, इचारत्यात, म्हंजी काय वो. तो म्हणला, गाडीतच समदं सैपाकघर असतंय, पानशेतच्या तिकडं आजकाल समद्या लग्नात हेच, माणसं खिडकीशी जात्यात, हवं ते घेत्यात, पंगत न्हाई, उष्टी काढणं न्हाई, तुमच्या बायकांचे कष्ट वाचले. म्या आतनं म्हणले, आमच्यात लगीन असलं की घरटी एक बाई चुलीवर येती, कुणी दूध आणतंय, कुणी लाकडं, गूळभात न् आमटी समद्या भावकीच्या हातची असती, त्यांना आता काय सांगू, तुमचे हात नकोत? मालकांनी माझ्याकडं असं बगितलं. पोरीकडचे आपण, गप बस. बसले गप.

लग्नादिवशी सकाळीच ती गाडी आली. लाल, पिवळी, समदी चितरं काढलेली, आत गाणं वाजतंय, मागं जनरेटर धडधडतोय, म्हसरं दावं तोडाया लागली. आन् वास! काय सांगू तुमाला, त्येच त्येच तेल किती डाव तापवलं व्हतं कुणास ठाव, मांडवात हळदीचा न् फुलांचा वास कुठं उरलाच न्हाई, समदा त्या तेलाचा. दोन बाप्ये टोप्या घालून आत उभे, खिडकीतनं कागदाच्या वाट्या न् पलास्टिकचे चमचे भाईर सरकवत्यात.

माझा सासरा, तात्या म्हणत्यात त्यांना समदे, नीट दिसत न्हाई, काठी घेऊन रांगंत उभा राहिला. नातीच्या लग्नात आजा रांगंत! म्या म्हणले तात्या बसा, मी आणते, तर म्हणले न्हाई गं, समदेच उभे हायेत. त्यांचा नंबर आला. म्हणले, बाबा, वाईच भात दे. आतला म्हणला, भात न्हाई, फ्राइड राइस हाय. म्हंजी काय? भातच, पर तळलेला. तात्या म्हणले, शिळा हाय म्हणून तळला का? वऱ्हाडातल्या पोरीबाळी खदाखदा हसल्या. म्हाताऱ्यानं वाटी घेतली, एक घास खाल्ला, आन् काठी टेकत घरामागं गेला. म्या मागनं जाऊन बगितलं, वाटी कुत्र्याम्होरं ठिवली व्हती. कुत्र्यानं हुंगली आन् बाजूला झालं. माझ्या भावकीतल्या बायका नवी लुगडी नेसून, हात रिकामे, भिंतीकडंला बसलेल्या. त्यांच्याकडं बगवंना मला.

मंग वाजंत्री वाजली, नवरदेव मांडवात येतोय, पाय धुवायला पाणी पायजे. मी कळशी घेऊन टाक्यावर उतरले.

काठावर ट्रकवाल्यांचा भला मोठा तवा पालथा. तारेची घासणी, साबणाचा फेस. टाक्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग, निळा-जांभळा, हलतोय. आन् त्या शेवया, नूडल म्हणत्यात, गांडुळावानी समद्या पाण्यावर तरंगत्यात. त्या टोपीवाल्यांतला एक बाप्या बुटासकट पाय आत सोडून बसला व्हता आन् डेचकी आतल्या आत खंगाळत व्हता. वर बगून मला म्हणतो, मावशी, दोन मिन्टं थांबा. तितंच कातळाकडंला वकले मी, अंगावर नवं लुगडं, पोरीचं लगीन, आन् मी वकतीय.

तो घाबरला. म्हणला, मावशी, आमच्या गाडीतली टाकी नाश्त्यालाच संपली, साहेबांना इचारलं पाणी कुठं मिळंल, साहेब म्हणले खाली टाकं हाय, तितंच धुवा. म्या इचारलं कोण साहेब? म्हणला, नवऱ्या मुलाचे वडील.

म्या त्याच पाण्यानं कळशी भरली आन् वर आले. नवरदेव पाटावर, मालक वाकून बसलेले, समदे माझीच वाट बगतायत. मी कळशी व्याह्याम्होरं धरली. म्हणले, ह्या पाण्यानं धुवू का तुमच्या लेकाचे पाय? त्यानं आत बगितलं आन् हसला. हसला वो! म्हणला, विहीणबाई, कामाची माणसं हायेत, कुठंतरी धुणारच की, उद्या टँकर पाठवतो दोन. म्या म्हणले, टँकर म्हसरं पितील, पर टाक्याचं काय? तर जवळ येऊन हळूच म्हणतो, लोक बगत्यात, असलं काय त्यांना दावू नका, तुमच्या पोरीला आमच्याकडं नांदायचंय. हे मातर मला लागलं. मालकांनी दंड धरला, गप, गप म्हणत्यात. म्या कळशी भुईवर ठिवली. म्हणले, टाकं उपसल्याबिगर माझ्या हातनं ह्या लग्नात पाणी पडायचं न्हाई.

वाजंत्री थांबली. बामण म्हणला मुहूर्त चाललाय. सचिन खाली मान घालून पाटावर. मला वाटलं, झालं, म्या पोरीचं वाटोळं केलं. तवर कोमल आतनं भाईर आली, बाशिंग बांधलेली, कळशीत बगितलं, नाक दाबलं, आन् म्हणली, आई, मुहूर्त जाऊ दे.

मंग विहीण उठली. सकाळधरनं ती बाई एक शब्द बोलली नव्हती, भारी शालू, अंगभर सोनं, मला वाटलेलं गर्वानं बोलत न्हाई. तिनं पदर खोचला आन् मला म्हणली, बादली कुठंय? व्याही वरडला, अगं शालू नासंल. ती म्हणली, नासू दे. आन् चालाय लागली, मी मागं, माझ्या मागं भिंतीकडंला बसलेल्या समद्या बायका.

उपसता उपसता ती मला म्हणली, हिराबाई, ह्या माणसाची हीच खोड. जेवल्यालं ताट कधी उचलत न्हाई, त्यातच हात धुतो, त्यातच थुंकतो, लगीन झाल्यापास्नं म्या उचलतेय. आज समद्यांम्होरं तुमी बोललात. एवढंच बोलली आन् पुन्ना बादली.

नवरदेवबी आला मागनं, पर फोटोवाल्याला संगं घेऊन. म्या फोटोवाल्याला म्हणले, तो कॅमेरा ठेव खाली, घमेलं धर. सचिनचं तोंड उतरलं, पर वाकला, बाह्या वर करून बादल्या वढल्या त्यानं. ट्रकवाले दोघंबी उतरले, वाडीतले बाप्येबी लागले. राखंनं न् नारळाच्या शेंडीनं कातळ घासला. व्याही तेवढा आला न्हाई. आपल्या पांढऱ्या गाडीत काचा लावून बसला.

ऊन कललं तवा झऱ्याचं नवं पाणी लागलं. त्या धारंखाली तांब्या धरला, एवढ्या माणसांत एक तांब्या पाणी, त्यानंच पाय धुतले आन् लगीन लागलं. जेवायला त्या ट्रककडं वाडीतलं कुणी गेलं न्हाई.

पुढं काय व्हायाचं. टँकर आला न्हाई. पावसाळा लागंस्तवर पाण्याला साबणाचा वास येत व्हता, म्हशी डोणीला तोंड लावंनात, लांब व्हाळावर न्यावं लागायचं. अजून गवत कापताना ते पलास्टिकचे चमचे कोयत्याला लागत्यात, आन् लागले की तोंडात ते तेलच येतंय माझ्या. मालक म्हणत्यात, सोड आता. मी न्हाई सोडत. व्याह्याचा दिवाळीला फोन आलता, म्हणला, वाडीवरच्या लग्नाचे फोटो लई गाजले. म्या मोबाईल मालकांच्या हातात दिला.

पोरगी सुखात हाय, ती आन् सचिन सासऱ्यापास्नं येगळे राहत्यात आता, भोरलाच. विहीणबाई येती मधनं आधनं, चार दिस राहती, माझ्यासंगं खवा आटवत बसती.

पर परवाचं सांगते आन् थांबते. खालच्या आळीतला माझा चुलत दीर आला. हाच लग्नात आमच्या मागनं बादल्या वढत व्हता बरं का, ह्याच हातांनी. त्याच्या पोरीचं जमलंय. म्हणला, वहिनी, त्या ट्रकवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकडं? पोराकडचे म्हणत्यात, तसलंच पायजे. म्या म्हणले, कोमलच्या सासऱ्याकडं असंल.

दिराच्या पोरीचं भलं हू दे, भरल्या घरात पडू दे, माझ्या लेकीवानीच हाय तीबी. मी जाणार लग्नाला, भावकीतलं हाय, न जाऊन कसं चालंल. अक्षदा टाकीन, ओटी भरीन. पर जाताना घरनं जेवून जाईन.