काकूंचा अनंत

ऐकताय ना मंडळी? मागच्या बायका, जरा पुढे सरका. पानाचा डबा नंतर फिरवा.

आज एकच विचारते. दुसऱ्याचं न विचारता घेतलं तर तो चोर. हे लहान पोरही सांगेल. पण ज्याच्याकडे भरपूर आहे आणि जो कुणाला देतच नाही, त्याला काय म्हणायचं? सांगा. पण आधी ही गोष्ट ऐका.

पन्नासएक वर्षं झाली असतील. आमच्या देवरुखात द्वारकाकाकू राहायच्या. त्यांच्या परसात अनंताचं झाड होतं. यजमानांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने लावलेलं. फुलं अशी, की खाली रस्त्यावर माणूस थांबून वर बघायचा. गावच्या मुरलीधराला रोज सकाळी पहिलं फूल द्वारकाकाकूंचं. गुरव दुसऱ्याचं फूल हातातसुद्धा धरत नसे, इतका मान!

आता इतकं झाड म्हटल्यावर बायका मागणारच. "काकू, एक फांदी द्या ना. कुंडीत लावते."

काकूंचं उत्तर ठरलेलं. "अनंत फांदीने येत नाही गो बाई."

येतो हो. पावसाळ्यात वीतभर जून फांदी ओल्या मातीत खोचली, सावलीत ठेवली, की येतो. काकूंनाही ठाऊक होतं. म्हणून तर छाटणी केली की सगळ्या फांद्या न्हाणीच्या चुलीत जायच्या. आंघोळीचं पाणी तापायचं आणि कुणाच्या हाताला काडीही लागायची नाही. देवाला फूल नेताना हात जोडायच्या आणि घरी येऊन त्याच झाडाच्या फांद्या जाळायच्या. हसताय? हसा. आपल्यातलंच कुणीतरी आहे ते.

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे वत्सला राहायची. नवी सून. एक फांदी गडग्यावरून तिच्या बाजूला वाकलेली. एका दुपारी काकू आडव्या झाल्या होत्या. वत्सलेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मोडली. तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली, फांदी खोचली आणि डबा लपवला लाकडांच्या राशीमागे.

फांदी लागली. दुसऱ्या वर्षी कळी आली. आता आनंद व्हायचा की नाही? वत्सला मात्र धास्तावली. अनंताचा वास काय पदराखाली झाकता येतो? फूल उमललं की गडग्यापलीकडे कळणार. तिने कळी खुडली. पुढच्या वर्षी पाच आल्या, पाचही खुडल्या. असं करता करता चोरीला सात वर्षं झाली. झाड हिचं, पण वास हिने एकदाही घेतला नाही.

मग काय झालं? काकूंचे यजमान गेले. त्याच वर्षी अनंताच्या मुळाला वाळवी लागली. पानं पिवळी पडली. काकूंचा जीव कासावीस झाला. नवऱ्याच्या हातचं तेवढंच उरलेलं. त्यांनी हिरव्या होत्या तेवढ्या चौदा फांद्या काढून चौदा कुंड्यांत लावल्या. आणि रोज सकाळी एकेक उपटून बघायच्या, मूळ फुटलं का. पुन्हा खोचायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटायच्या. पंधरा दिवसांत चौदाच्या चौदा काळ्या पडल्या. झाडही वाळलं.

विहिरीवर बायका म्हणाल्या, "फांदीने येत नाही म्हणायच्या ना? बरोबरच होतं की."

वत्सलेने त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, डबा काकूंना देऊन टाकते. नवरा म्हणाला, "गप्प बस. गावभर चोर म्हणून नाव होईल. सात वर्षं पचलं, आताही पचेल."

"पचलं कुठे?" ती म्हणाली. "दर पावसाळ्यात माझ्याच हाताने खुडते मी."

तिने डबा उचलला आणि सरळ काकूंच्या अंगणात नेऊन ठेवला. काकू पायरीवर बसल्या होत्या. पान हातात धरलं, उलटं करून बघितलं.

"माझा?"

"तुमचाच. चोरला होता."

"कधी?"

"सात वर्षं झाली. तुम्ही निजला होतात."

"आणि फुलतो?"

"फुलू दिला नाही. वास आला असता तुम्हाला."

वत्सलेने मान खाली घातली. आता शिव्या येणार. आला तो एक प्रश्न.

"वच्छे, माझ्या चौदा गेल्या. तुझी एक कशी लागली गो?"

"मी बघितलंच नाही काकू. चोरीचा माल. उपटून बघायचा धीर कुणाला?"

काकू हसल्या. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "उचल हा डबा. माझ्या मातीत वाळवी आहे. तुझ्या परसात लाव. चल, मी येते."

आणि गडग्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या जमिनीत, द्वारकाकाकूंनी आपल्या हाताने यजमानांचा अनंत लावला. पुढच्या वर्षी फुलला. वत्सलेने पहिलं फूल गडग्यावरून काकूंना दिलं. काकूंनी वास घेतला, डोळे पुसले आणि फूल परत तिच्या ओंजळीत ठेवलं. "तू ने देवाला. आणि गुरवाला सांग, आता कुणाचंही घे."

त्यानंतर दर पावसाळ्यात काकू वत्सलेच्या दारात बसून फांद्या वाटायच्या. वर दम द्यायच्या, "उपटून बघितलीस तर पुन्हा मिळायची नाही."

तर मंडळी, चोर कोण? वत्सलेने एक फांदी घेतली, तिला सात वर्षं झोप नव्हती. काकूंनी सगळ्या गावाचा वास चुलीत घातला, आणि त्या निवांत झोपायच्या. काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

आता आरती होईल, प्रसाद घ्याल, घरी जाल. परसात, गच्चीत, खिडकीत जिथे तुमचं झाड असेल तिथे जरा उभे राहा. एक फांदी कापा. आणि जिच्याशी तुमचं बोलणं बंद आहे ना, तिच्या दारात आधी द्या. देवाचं फूल तिच्याकडून आलं तरी देवाला चालतं.