सुभेदारकाकांचा पूरग्रस्त

अरे, आमच्या सुभेदारकाकांचा किस्सा ऐका! फौजेतून रिटायर होऊन मांजर्लीत आमच्या शेजारी राहायचे, मागच्या वर्षी गेले. झाडं, पक्षी, साप म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

एका पावसाळ्यात पूर आला, आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला आणि आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बचावाच्या बोटीत उतरत होतो. काका शेवटी आले, खांद्यावर तोंड बांधलेली भलीमोठी गोणी.

बोटवाला ओरडला, "अंकल, सामान नाय घ्यायचं!"

"सामान नाही, जिवंत जीव आहे. बुडायला सोडू?"

त्याला वाटलं कुत्रा असेल. घेतलं बोटीत.

भर पाण्यात गोणी वळवळायला लागली. माझ्या बायकोने विचारलं, "काका, हा भुंकत कसा नाही?"

"अजगर कुठे भुंकतो, सूनबाई?"

सगळे किंचाळत उठले, बोट कलली! काका परेडच्या आवाजात गरजले, "बैठ जाओ!" आम्ही सगळे मटकन खाली बसलो, बोटवालासुद्धा.

काठाला लागल्यावर काकांनी लांब झाडीत जाऊन गोणी मोकळी केली, हात झटकत आले आणि बोटवाल्याला म्हणाले, "चल परत. त्याची मादी अजून गच्चीवर आहे."