विम्यासाठी लग्न, तेही सातव्या महिन्यात

नाही, मला एक सांगा, हातात फुलं देऊन कुणी विमा बंद करतं का? आमच्याकडे करतात! आमच्या तायचुंग शहरात मशीनच्या सुट्या भागांची कंपनी आहे, मी तिथे खरेदी खात्यात. मागच्या आठवड्यात एचआरच्या चुआंगबाईंनी बोलावलं, टेबलावर फुलं, तोंडभर हसू... "अगं यू-छिंग, अभिनंदन! कायदा झाला! दोन बायकांनाही आता लग्नाचा हक्क मिळालाय ना!" मी म्हटलं, थँक्यू बाई. तर फुलांच्या आडून म्हणतात कशा, "म्हणून, लग्नाशिवायच्या जोडीदाराचा विमा या महिनाअखेर बंद."

बंद! अहो, ही सवलत आमच्यासाठीच तर होती! आम्हाला लग्न करता येत नव्हतं, म्हणून कंपनी म्हणायची, असू दे, एका घरात राहता ना, जोडीदारालाही विमा देतो. आता म्हणे, "येतं की करता! हक्क मिळालाय ना!" म्हणजे ताट वाढलं आणि पाट काढून घेतला.

आणि माझी वान-जू खांदा धरून बसलेली! नाश्त्याची गाडी चालवते ती, सकाळपासून तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलट, पोळ्या उलट, शेवटी खांद्यातला स्नायू फाटला. ऑपरेशन करायचंय. सरकारी विमा आहे हो, पण खांद्यात घालायचे चांगले खिळे त्यात बसत नाहीत, ते कंपनीच्या विम्यातूनच. रात्री कुशीवर वळली की कळवळते बिचारी, आणि वर मलाच म्हणते, "तू झोप गं." कशी झोपू?

तुम्ही म्हणाल, मग करून टाका ना ऑपरेशन महिनाअखेरच्या आत! करणारच होतो! तारीख मिळाली होती! पण वान-जूची आई... मी त्यांना मावशी म्हणते. मावशींनी कॅलेंडर पाहिलं आणि किंचाळल्याच. "सातवा महिना? सातव्या महिन्यात अंगाला सुरी लावून घेतेस? दारं उघडलीत तिकडची! भाऊ फिरतायत रस्त्यावर!" भाऊ म्हणजे भुतं हो. आमच्या पंचांगातला सातवा महिना त्यांचा, पाताळाची दारं उघडतात आणि ती महिनाभर इकडे फिरायला येतात. या महिन्यात भूत म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं, नाहीतर राग येतो त्यांना. झालं! ऑपरेशन गेलं पुढच्या महिन्यात. आणि विमा संपतो या महिन्यात.

मग मी म्हटलं, मावशी, सोपं आहे, लग्नच करू उद्या. हक्क मिळालाय ना! मला वाटलं, आता मावशी म्हणणार, शेजारी काय म्हणतील, दोन बायका... छे! ते सगळं म्हणून झालं होतं त्यांचं, कित्येक वर्षं म्हणत होत्या, दमल्या शेवटी. आता त्यांनीच हिवाळ्यातला मुहूर्त काढलाय, लग्नाचे केक कुठून घ्यायचे तेही ठरवलंय. त्या काय म्हणाल्या असतील? "बायकोशी कर, नाहीतर खांबाशी कर, पण सातव्या महिन्यात लग्न? विधवा व्हायचंय दोघींना?"

मी परत चुआंगबाईंकडे. म्हटलं, बाई, एक महिना थांबा, सध्या भाऊ आलेत. बाईंना सगळं कळतं हो! त्यांच्याच टेबलाखाली भावांसाठी बिस्किटांचे पुडे रचलेले, कंपनीची पूजा होती ना! पण म्हणाल्या, "माझं ऐकतील गं, परदेशातलं मुख्य ऑफिस ऐकणार नाही. तिकडे भाऊ जात नाहीत."

शेवटी देवळात गेलो. मावशींनी लाकडाचे ते दोन चंद्रकोरीसारखे तुकडे टाकून देवाला विचारलं, ऑपरेशन करू? नाही. लग्न करू? तर दोन्ही तुकडे उताणे पडले, ना हो, ना नाही. म्हणजे देव हसला! अहो, देव हसतोय आणि माझी बायको, म्हणजे अजून न झालेली बायको, तिथे हात गळ्यात बांधून उभी! मला रडूच फुटलं. म्हटलं, हस बाबा, तुला कुठे विमा लागतो! मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिसऱ्यांदा काहीतरी पुटपुटल्या आणि तुकडे टाकले. हो आलं.

"काय विचारलंत?" तर म्हणाल्या, "गुपचूप उरकलं तर चालेल का, असं."

उरकलं! काल नोंदणी कचेरीत गेलो. साधे कपडे, वान-जू तर गाडीवरच्या एप्रनमध्ये. खिडकीतली मुलगी उत्साहाने ओरडली, "अभिनंद..." आणि मावशींनी काचेवर थाप मारली, "हळू!" सह्या कुजबुजत केल्या. खिळे मिळणार, तेवढं बरं झालं.

घरी आलो तर मावशींनी दारात टेबल मांडलं, भावांसाठी कोंबडी, फळं, बिअरचे डबे. उदबत्ती पेटवून रस्त्याकडे तोंड करून मोठ्ठ्याने म्हणाल्या, "या, पोटभर जेवा! आमच्याकडे काही विशेष नाही बरं का. आणि ही मुलगी कोण म्हणाल, तर भाडेकरू आहे आमची!"

इतकी वर्षं जिवंत माणसांना सांगत फिरले हो, मी भाडेकरू नाही म्हणून. आता मेलेल्यांशी कोण वाद घालणार? हात जोडले आणि म्हटलं, "हो, वरची खोली माझी."